हृदयातली गाठ आणि चार बोटांचा छेद

दर काही महिन्यांनी मराठी वर्तमानपत्रांच्या शहर पुरवणीत एक बातमी येते. छायाचित्रात हिरव्या कपड्यांतले चार-पाच डॉक्टर, मधोमध नुकतीच बरी झालेली रुग्ण आणि मथळ्यात छेदाची लांबी. पाच सेंटिमीटर, सहा सेंटिमीटर. एवढ्याशा जागेतून हृदयातली गाठ काढली. बातमी खोटी नसते आणि डॉक्टरांचे कौतुकही रास्तच असते. पण मथळा ज्याला मिळतो तो छेद या साऱ्या प्रवासातला सर्वांत शेवटचा आणि, थोडे धाडसाने म्हणायचे तर, सर्वांत सोपा टप्पा आहे. जिवंत माणसाच्या हृदयात गाठ आहे हे कळणे आणि ती काढेपर्यंत हृदय रिकामे व निश्चल ठेवता येणे, या दोन गोष्टी साधायला माणसाला चारशे वर्षे लागली. त्यानंतर वीतभर छेदावरून चार बोटांच्या छेदावर यायला चाळीस-बेचाळीस वर्षे पुरली.

रेआल्दो कोलोम्बो हा सोळाव्या शतकातला इटालियन शरीरशास्त्रज्ञ, पादुआ विद्यापीठात थोर शरीरशास्त्रज्ञ व्हेसालियसच्या जागेवर बसलेला. त्याचा ग्रंथ १५५९ साली व्हेनिसमध्ये छापून निघाला आणि त्याच वर्षी तो वारला. शवविच्छेदनात हृदयात सापडलेल्या गाठीचा उल्लेख त्याने केला आहे. वैद्यकाचा इतिहास लिहिणारे हीच या विषयातली पहिली नोंद मानतात. आजच्या नजरेने ती बहुधा रक्ताची गुठळी असावी. पुढची पावणेचारशे वर्षे सगळ्या नोंदी याच जातीच्या आहेत: आधी मृत्यू, मग निदान. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातल्या किंग यांनी १८४५ साली केलेले वर्णन वाचताना आजचा डॉक्टर लगेच ‘मिक्सोमा’ म्हणेल, पण किंग यांच्यासमोरही मृतदेहच होता. १९३४ साली अमेरिकेत बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्ण जिवंत असताना हृदयातल्या गाठीचे निदान केले. हृदयाचा आलेख आणि शरीरात अन्यत्र पसरलेल्या गाठीचा तुकडा या दोन पुराव्यांवर. तो कर्करोग होता. निदान झाले, एवढेच.

आजार दुर्मीळ आहे हे खरे. शवविच्छेदनांच्या नोंदी पाहिल्या तर हृदयातच उगवलेली गाठ साधारण दहा हजारांत दोन इतकी आढळते. इतर अवयवांच्या कर्करोगाची मुळे हृदयात पोहोचतात ते प्रमाण याच्या कितीतरी पट. हृदयातच उगवणाऱ्या गाठींत मोठ्या माणसांमध्ये सर्वांत जास्त सापडतो तो मिक्सोमा. तो कर्करोग नाही. चारांतले तीन मिक्सोमा डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या वरच्या कप्प्यात असतात आणि दोन अलिंदांमधल्या पडद्याला देठाने लटकलेले असतात. तिशी ते साठीच्या दरम्यानच्या बायकांत ते अधिक दिसतात. हातात घेतला तर मिक्सोमा खरवसासारखा लिबलिबीत लागतो, आणि खरवसासारखाच दाबला की तुटतो. या लेखातल्या निम्म्या गोष्टी या एका गुणाभोवती फिरतात.

कर्करोग नसलेली गाठ जीव कशी घेते? हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती देठावर झुलते आणि खालच्या कप्प्याकडे उघडणाऱ्या मिट्रल झडपेच्या तोंडाशी येऊन बसते. रक्त अडते, धाप लागते, कधी चक्कर येऊन माणूस कोसळतो. तिचा एखादा कण सुटून मेंदूकडे गेला की चाळिशीतल्या धडधाकट बाईला अर्धांगवायू होतो. भरीला बारीक ताप, वजन घटणे, सांधेदुखी. म्हणजे क्षयापासून संधिवातापर्यंत कशाचाही संशय यावा अशी लक्षणे. आपल्याकडे तर फसगतीचे आणखी एक कारण आहे. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने मिट्रल झडप आकसलेले रुग्ण भारतातल्या सरकारी रुग्णालयांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. स्टेथोस्कोपमधून मिक्सोमा जवळजवळ तसाच ऐकू येतो. जुने, मुरलेले डॉक्टर रुग्णाला कूस बदलायला लावत आणि आवाज बदलला तर शंका घेत. हे कौशल्य मोठे, पण शंका म्हणजे निदान नव्हे.

आता शल्यविशारदांची बाजू. १८९६ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने छातीच्या शस्त्रक्रियांवरच्या पुस्तकात लिहून टाकले की, निसर्गाने शल्यचिकित्सेला घालून दिलेली हद्द हृदयापाशी संपते. गंमत अशी की त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रँकफुर्टला लुडविग रेन यांनी सुरा लागलेल्या एका तरुणाच्या हृदयाला टाके घातले आणि तो जगला. हद्द ओलांडली गेली खरी, पण ती बाहेरून. हृदयाच्या आत हात घालायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. ड्वाइट हार्कन हे अमेरिकी सैन्यातले डॉक्टर इंग्लंडमधल्या लष्करी रुग्णालयात होते. जखमी सैनिकांच्या हृदयाजवळून आणि मोठ्या रक्तवाहिन्यांजवळून त्यांनी बॉम्बचे तुकडे व गोळ्या काढल्या. एकूण १३४. त्यांतले १३ हृदयाच्या कप्प्यांतून. एकही सैनिक दगावला नाही. पद्धत अशी: धडधडत्या हृदयाच्या भिंतीवर बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका घालायचा, मधे भोक पाडायचे, चिमटा किंवा बोट आत सरकवायचे आणि बाहेर येताना नाडी ओढायची. हृदयातून वस्तू काढण्याचा हा पहिला मोठा अनुभव. भोक लहान, पण डोळ्यांना दिसत काहीच नाही.

याच आंधळ्या बोटाने १९४८ नंतर आकसलेली मिट्रल झडप उघडण्याच्या शस्त्रक्रिया जगभर सुरू झाल्या. अधूनमधून एखाद्या रुग्णात त्या बोटाला झडपेऐवजी मऊ, हलणारे काहीतरी लागे. शल्यविशारदाच्या पोटात त्या क्षणी काय होत असेल याची कल्पनाच करावी. ओढावे तर तुटणार, तुटले की मेंदूत जाणार. ठेवावे तर रोगी मरणारच. धातूचा तुकडा चिमट्यात पकडता येतो, मिक्सोमा येत नाही.

म्हणून पुढचे पाऊल रक्ताभिसरण थांबवण्याचे होते. १९५२ साली अमेरिकेत रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रात हृदयातला मिक्सोमा प्रथमच जिवंतपणी दिसला. त्याच वर्षी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्री बाह्नसन यांनी हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या नीला मिनिटा-दोन मिनिटांपुरत्या दाबून धरत उजव्या अलिंदातला मिक्सोमा काढला. रुग्ण २४ दिवस जगला. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्रावर १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातले छिद्र बंद केले. २६ मिनिटे यंत्र हेच तिचे हृदय आणि फुफ्फुस होते. त्यानंतरचे त्यांचे रुग्ण मात्र दगावले आणि गिबन यांनी यंत्र बाजूला ठेवले.

यंत्राची ती कहाणी पुढे नेली स्वीडनने. क्लॅरेन्स क्राफूर्ड स्टॉकहोमचे, १९४४ साली महाधमनीचा जन्मजात आकुंचलेला भाग कापून दोन टोके जोडणारे. त्यांच्या हाताखालच्या व्हायकिंग ब्यर्क आणि ओके सेनिंग या तरुणांनी स्वतःचे हृदय-फुफ्फुस यंत्र उभे केले होते. जुलै १९५४ मध्ये त्या यंत्रावर क्राफूर्ड यांनी चाळिशीच्या एका स्त्रीच्या डाव्या अलिंदातला मिक्सोमा डोळ्यांनी पाहत, अख्खा बाहेर काढला. ती बरी झाली. कोलोम्बोच्या नोंदीला तेव्हा ३९५ वर्षे झाली होती.

याच देशात याच्या नऊ महिने आधी आणखी एक गोष्ट घडली होती आणि माझ्या मते ती क्राफूर्ड यांच्या शस्त्रक्रियेहूनही मोठी आहे. लुंडचे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एड्लर यांना मिट्रल झडप शस्त्रक्रियेआधी पाहायची होती. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांना माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यात धातूतल्या भेगा शोधणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र सापडले. ते हृदयावर धरून ऑक्टोबर १९५३ मध्ये दोघांनी हलणाऱ्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. सहाच वर्षांनी, १९५९ साली, जर्मनीत स्वेन एफर्ट आणि सहकाऱ्यांनी याच तंत्राने डाव्या अलिंदातली गाठ ओळखली. छेद नाही, सुई नाही, रंगद्रव्य नाही. आज आपण ज्याला नुसते ‘इको’ म्हणतो ते हेच. नोबेल एड्लर आणि हर्ट्झ यांना मिळाले नाही, १९७७ चा लॅस्कर पुरस्कार मिळाला.

दरम्यान १९५७ साली शिकागोच्या ऑर्मंड ज्युलियन यांनी छातीचे मधले हाड उभे चिरण्याचा मार्ग रूढ केला. त्याआधी गिबन यांच्यासह अनेक जण एका बाजूच्या बगलेपासून दुसऱ्या बाजूच्या बगलेपर्यंत छाती आडवी उघडत. उभा छेद त्याहून जलद, कमी रक्ताचा, कमी दुखणारा आणि सगळे हृदय समोर आणून ठेवणारा. आज ‘छाती फाडणे’ म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो तो त्या काळचा दयाळू पर्याय होता. या छेदाने चार दशके राज्य केले आणि त्या राज्यात मिक्सोमाची शस्त्रक्रिया इतकी सुरक्षित झाली की, वेळेवर आलेल्या रुग्णाला तिची भीती उरली नाही. गाठ परत उगवण्याचे प्रमाण काही टक्क्यांवर आले. घराण्यातच हा आजार असलेल्यांत मात्र ते बरेच अधिक राहते. मेयो क्लिनिकच्या कार्नी यांनी १९८५ साली वर्णन केलेला, त्वचेवरच्या डागांसह येणारा प्रकार हा त्यातलाच.

हे सगळे नीट चालले असताना छेद लहान करण्याची ओढ आली ती पोटाच्या शस्त्रक्रियेतून. पित्ताशय दुर्बिणीतून काढता येते हे १९८५ ते ८७ दरम्यान जर्मनी व फ्रान्समध्ये दिसले. भारतात ते १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उडवाडिया यांनी केले. १९७२ पासून ते तिथे पोटाच्या निदानासाठी दुर्बीण वापरत होते, तेही सहकाऱ्यांच्या थट्टेला न जुमानता. हृदयवाल्यांना हे पाहून चुळबुळ होणे साहजिक होते. अडचण एवढीच की पित्ताशयाला थांब म्हटले तर ते थांबते.

हृदयाच्या शस्त्रक्रियेत छोटा छेद आला ते वर्ष १९९६. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये आलँ कार्पाँतिए यांनी छोट्या छेदातून, व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मदतीने मिट्रल झडप दुरुस्त केली. त्याच वर्षी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात रँडॉल्फ चिटवूड आणि क्लीव्हलँडला डेलोस कॉसग्रोव्ह यांनी आपापल्या वाटा काढल्या. झडप दिसली की तिच्या वरच्या अलिंदातली गाठही दिसणारच. त्यामुळे मिक्सोमा या नव्या मार्गाने आला तो झडपेच्या मागोमाग. चिटवूड यांच्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्या चार वर्षे आधी, १९९२ साली, त्यांनी एक इतिहासाचा लेख लिहिला होता आणि त्याचा विषय होता क्राफूर्ड यांनी काढलेला पहिला मिक्सोमा. नवी वाट पाडणाऱ्याला जुनी वाट पायांखालची माहीत होती.

शस्त्रक्रिया होते कशी? रुग्णाची उजवी बाजू किंचित उचललेली. उजव्या स्तनाखालच्या वळीत चार बोटांचा छेद, चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीतून वाट. हाड कापायचे नाही. उजवे फुफ्फुस भूलतज्ज्ञाने मिटवून ठेवलेले. जांघेतल्या धमनीतून आणि नीलेतून नळ्या, त्या हृदय-फुफ्फुस यंत्राला जोडलेल्या. अन्ननलिकेत इकोची काडी, कारण छोट्या भोकातून जे दिसत नाही ते ती दाखवते. देठ कुठे आहे, नळीचे टोक गाठीला घासत तर नाही ना, हे सतत तिच्यावर पाहायचे. बगलेजवळच्या दुसऱ्या छिद्रातून एक लांब चिमटा जातो आणि महाधमनी दाबतो. त्या चिमट्याला चिटवूड यांचेच नाव आहे. मग औषध सोडून हृदय थांबवतात. तोवर हृदयाला बोटही लावायचे नाही, कारण धक्क्याने कण सुटला तर तो धडधडत्या हृदयातून थेट मेंदूकडे जाईल.

अलिंद उघडल्यावर गाठीला धरायचेच नाही. देठाभोवतीचा पडद्याचा निरोगी काठ पकडायचा आणि देठ त्या काठासकट कापायचा. गाठ आतच छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत उतरवायची आणि पिशवीसकट बाहेर घ्यायची, म्हणजे बरगड्यांच्या फटीत चिरडली तरी तुकडा आत पडत नाही. पडद्याला पडलेले भोक हृदयावरच्याच आवरणाचा तुकडा लावून शिवायचे. सगळे कप्पे सलाइनने धुवायचे. एक शेवटची धास्ती हवेची. छाती पूर्ण उघडी असली की शल्यविशारद हृदय हातात उचलून आतली हवा झटकून काढतो. इथे हात जातच नाही. म्हणून आधीपासूनच छातीत कार्बन डायऑक्साइड सोडून ठेवतात. तो हवेपेक्षा जड असल्याने हवेला हटवतो आणि चुकून अडकलाच तर रक्तात चटकन विरघळतो.

हे सारे शिकायची किंमत रुग्णांनी मोजली, हे लिहिले पाहिजे. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या हार्टपोर्ट कंपनीने चिमट्याऐवजी महाधमनीत आतून फुगवायचा फुगा आणला. शेअर बाजारात १९९६ साली मोठा गाजावाजा झाला. सुरुवातीच्या काळात त्या फुग्यामुळे काही रुग्णांची महाधमनी आतून चिरली गेल्याच्या नोंदी आल्या, शिवाय शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागे. डॉक्टरांचा उत्साह ओसरला आणि २००१ साली जॉन्सन अँड जॉन्सनने ती कंपनी सुमारे आठ कोटी डॉलरना विकत घेतली. तंत्र टिकले, पण ते हळूहळू, मोजक्या केंद्रांत, रोज तेच करणाऱ्या हातांमुळे. यंत्रमानवाचेही तसेच. कार्पाँतिए यांनी १९९८ साली त्याच्या साहाय्याने झडप दुरुस्त केली, २००५ साली अटलांटाच्या शल्यविशारदांनी त्याच पद्धतीने अलिंदातला मिक्सोमा काढल्याची नोंद प्रसिद्ध केली आणि पुढे बीजिंगच्या लष्करी रुग्णालयाने अशा रुग्णांची मालिकाच छापली. छेद आणखी आक्रसला, खर्च फुगला.

याच्याही पुढे जाऊन जांघेतून जाड नळी घालून उजव्या बाजूच्या गुठळ्या शोषून घेणारी साधने आता आहेत. छाती उघडणे झेपणार नाही अशा रुग्णासाठी ती मोलाची आहेत. पण मिक्सोमाला ती लावण्याची घाई नको. देठाचे मूळ पडद्यातच राहिले तर काम अर्धवट, आणि डाव्या बाजूला एक कण निसटला तर त्याची वाट मेंदूकडेच जाते.

मग छोट्या छेदाने मिळते काय? मिक्सोमाच्या बाबतीत हाती आहेत ते बहुतेक जुन्या नोंदींवरचे अभ्यास. त्यांत रक्त कमी लागते, अतिदक्षता विभागातला मुक्काम कमी होतो, यंत्रावरचा वेळ मात्र वाढतो आणि मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक दिसत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला चांगला प्रयोग झाला तो मिट्रल झडपेवर, ब्रिटनमध्ये. दहा केंद्रे, ३३० रुग्ण, निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांच्या हालचालींच्या क्षमतेत फरक उरला नव्हता. सुरक्षितता सारखीच. रुग्णालयातला मुक्काम सहाऐवजी पाच दिवस.

यावरून काही जण म्हणतात की छोटा छेद म्हणजे श्रीमंतांचे कौतुक. मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. कापलेले हाड सांधायला सहा-आठ आठवडे लागतात आणि तोवर जड उचलायचे नसते. घरून संगणकावर काम करणाऱ्याला ते जमते. डोक्यावर पाणी आणणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला बारा आठवड्यांनंतर सगळे सारखेच होते हे सांगून काय उपयोग? तिचा संसार त्या बारा आठवड्यांतच मोडतो. छोट्या छेदाची खरी गरज तिला आहे. बातमी मात्र जिच्याकडे विमा आहे तिची होते. आणि व्रण पदराआड जावा असे एखादीला वाटले तर त्यातही हसण्यासारखे काही नाही.

ही सोय सर्वांपर्यंत नेणे अशक्य आहे असे मानायचे कारण नाही. उडवाडिया यांचे काम जे. जे.सारख्या सरकारी रुग्णालयातले. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदयप्रत्यारोपण केले ते परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात. केपटाऊनच्या बार्नार्ड यांच्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, पण धाडस कुणी केले आणि कुठे केले हे आठवणीत ठेवावे.

वाचकाला सांगायचे ते एवढेच. अशी वेळ घरात आलीच तर छेद किती सेंटिमीटरचा, हा प्रश्न तिसरा विचारा. पहिला विचारा: देठ मुळासकट निघेल ना? दुसरा: या मार्गाने तुम्ही स्वतः किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? आणि तिसऱ्याचे उत्तर ‘या रुग्णात मोठाच छेद बरा’ असे आले तर डॉक्टर बदलू नका.

शासनाला सांगायचे ते वेगळे आहे. यंत्रमानव शहरांत येतच राहतील, त्यांना बाजार पुरेसा आहे. चाळिशीतल्या बाईला अचानक अर्धांगवायू झाला, तरुण मुलीची धाप औषधाने हटेना, तर गाठ आहे की झडप, हे सांगणारा इको दहा-पंधरा मिनिटांत होतो. एड्लर आणि हर्ट्झ यांनी तो दाखवून दिल्याला सत्तर वर्षे उलटली. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात इकोचे यंत्र आणि ते वाचू शकणारा माणूस, दोन्ही, आठवड्याचे सहाही दिवस असले पाहिजेत. पुढच्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद करावी.